वाटा मागणारा ठेका

मराठी समीक्षेला गाण्याचे वावडे कधीच नव्हते. नामदेव-तुकारामांचे अभंग, रामजोशी आणि होनाजी बाळा यांच्या लावण्या, किर्लोस्करांची नाट्यपदे, भा. रा. तांबे यांची गीते हे सारे आपण वर्गात कविता म्हणून शिकतो आणि शिकवतो. तरीही गाण्याचा एक प्रकार अभ्यासाच्या उंबरठ्याबाहेरच राहिला आहे. ज्या गाण्यावर वस्तीतली माणसे टाळ्या पिटतात, ढोलकीच्या लग्गीवर पाय थिरकवतात आणि त्याच दमात शेठजीला, सरकारला, प्रसंगी आपल्याच पुढाऱ्याला जाब विचारतात, त्या गाण्याचे काय करायचे हे आपल्याला कळत नाही. त्याला लोकगीत म्हणावे तर त्याचा कर्ता नावानिशी माहीत असतो; कविता म्हणावे तर ढोलकी आड येते. मग 'प्रचारगीत' असा शिक्का मारून आपण मोकळे होतो. लोककवी वामनदादा कर्डक यांच्या निमित्ताने हा शिक्का एकदा तपासून पाहावा, असे आम्हांला वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. वामनदादांच्या गीतांतला ठेका म्हणजे कडू गोळी घशाखाली उतरावी म्हणून घोळलेली साखर नव्हे. तो त्या गीतांच्या अर्थाचाच भाग आहे. ठेका वजा करून त्यांची गीते वाचणारा वाचक निम्मीच कविता वाचतो. आणि शब्द वजा करून केवळ ठेका वाजवणारी मंडळीही, वेगळ्या वाटेने, त्याच चुकीपाशी पोचतात.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा. पोटासाठी मुंबईत आलेले हे कुटुंब. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या तरुणाला कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितले, ते वाचता न आल्याची लाज जिव्हारी लागली आणि मग दुकानांच्या पाट्या वाचत वाचत त्याने अक्षरे गिरवली, अशी आठवण सांगितली जाते. १९४३ मध्ये एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर त्यांनी पहिले गाणे रचले, आणि ते विडंबन होते. पुढची सहा दशके हा माणूस गावोगाव, वस्तीवस्तीतून गात हिंडला. हजारो गीते रचली. त्यांतली थोडीच 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे', 'माझ्या जीवनाचं गाणं' या संग्रहांत आली. १५ मे २००४ रोजी ते गेले. त्याच वर्षी जूनमध्ये गायक प्रल्हाद शिंदेही गेले. एक लिहिणारा, एक गाणारा. मराठी भीमगीताचे दोन आधारस्तंभ एकाच वर्षी कोसळले.

येथे एक तारीख मुद्दाम ध्यानात घ्यावी. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ चा. वामनदादांचा 'वाटचाल' त्याच्या पुढच्याच वर्षीचा, १९७३ चा. 'गोलपिठा'वर आज मराठीत ग्रंथांची उतरंड उभी आहे, आणि ती असायलाच हवी. 'वाटचाल'चे नाव मात्र पदव्युत्तर वर्गातल्या किती विद्यार्थ्यांनी ऐकले असेल? ढसाळांनी छंद मोडला, म्हणून ते आधुनिक ठरले. वामनदादांनी छंद राखला, म्हणून ते जुन्या वळणाचे, असा एक सोपा हिशेब आपण मनाशी करून टाकला आहे. छंद मोडणे हे बंड असते हे आपण ओळखतो. छंद ताब्यात घेणे हेही बंड असू शकते, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

ताब्यात घेणे हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरतो आहोत. मराठी मुलखात ठेका ही निष्पाप गोष्ट नव्हती. हलगी, डफ, ढोलकी ही चामड्याची वाद्ये. ती वाजवणे हे अस्पृश्य मानलेल्या जातींचे काम. जत्रेत वाजवायचे, लग्नात वाजवायचे, मयतीपुढे वाजवायचे, आणि त्याबद्दल हक्काचा मोबदला न मागता पसाभर धान्याची किंवा शिळ्या भाकरीची वाट पाहायची. तमाशाचा फडही बहुतांशी महार-मांग कलावंतांच्या जिवावर उभा होता. नाचणारे पाय त्यांचे, दौलतजादा उधळणारे हात दुसऱ्यांचे. म्हणून आंबेडकरी चळवळीत नाचगाण्याविषयी जो कठोरपणा दिसतो तो सोवळेपणातून आलेला नव्हता. पठ्ठे बापूरावांनी पवळाबाईसह केलेल्या तमाशाच्या खेळाचे उत्पन्न चळवळीला देऊ केले, तेव्हा आपल्या समाजातील स्त्रीला नाचवून मिळालेला पैसा बाबासाहेबांनी नाकारला, अशी आठवण सांगितली जाते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक गावांत लोकांनी मेलेली गुरे ओढणे सोडले तसे वाजवणेही सोडले. वाद्य खाली ठेवणे हीच त्या क्षणी मुक्तीची कृती होती.

मग प्रश्न उरला तो असा : वाद्य खाली ठेवले, पण अंगात भिनलेल्या लयीचे काय? तीही गुलामीची खूण म्हणून टाकून द्यायची का?

याचे उत्तर शोधण्याचे काम आधी जलशांनी केले. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातला मजकूर बदलला. १९३० च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने ती वाट पुढे नेली. गणातल्या देवस्तुतीला फाटा मिळाला, गौळणीतला चावटपणा गेला, बतावणीत भटजी आणि सावकार यांची फिरकी आली, वगात सभा, शाळा, पाणवठा आणि देऊळ आले. नाचणारी बाई गेली. ढोलकी मात्र राहिली. आपल्या दहा सभांचे काम एक जलसा करतो, अशा आशयाचे उद्गार बाबासाहेबांनी काढल्याचे परंपरेने सांगितले जाते. पठ्ठे बापूरावांचे पैसे नाकारणारा नेता जलशाची ही थोरवी सांगतो, यात विसंगती नाही. वाजवायचे की नाही हा खरा प्रश्नच नव्हता. कुणाच्या हुकमाने, कुणासाठी आणि काय सांगण्यासाठी वाजवायचे, हा प्रश्न होता.

त्याच साच्यावर दुसऱ्या बाजूने काम केले ते अण्णा भाऊ साठे यांनी. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली त्या काळात हा प्रकार 'लोकनाट्य' या नव्या नावाने उभा राहिला, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. त्यांची 'माझी मैना' ही छक्कड या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. छक्कड ही तमाशातली चटपटीत चाल. तिच्यात अण्णा भाऊंनी आरंभी बांधली ती गावाकडे बायकोला सोडून मुंबईत आलेल्या मजुराची विरहवेदना. ऐकणारा ओळखीच्या शृंगारात रमतो, मैनेच्या रूपाचे वर्णन ऐकत डोलू लागतो, आणि डोलता डोलताच मुंबईच्या दैन्यातून पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आणि बेळगाव-कारवार-निपाणीच्या वियोगात जाऊन पोचतो. मैना म्हणजे केवळ बायको नाही, हे त्याला कळते तेव्हा तो आधीच त्या लयीत अडकलेला असतो. विठ्ठल उमपांच्या आवाजात ती ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. खासगी दुःखातून सार्वजनिक दुःखात जाण्याचा पूल तेथे विधानांनी बांधलेला नाही, चालीने बांधला आहे.

वामनदादांनी या दोन्ही परंपरांत एक तिसरा धागा मिसळला, तो कव्वालीचा आणि चित्रपटसंगीताचा. हार्मोनियम, ढोलक, बेंजो आणि टाळ्या एवढ्या सामग्रीवर रात्रभर रंगणारे सवाल-जवाबाचे कार्यक्रम हे चाळीत राहणाऱ्या मुंबईकर श्रमिकाचे करमणुकीचे साधन होते. त्या साधनात त्यांनी आपला आशय ओतला. त्यांच्या प्रसिद्ध गीतांपैकी एकाची रचना येथे पाहू. देशातल्या बड्या उद्योगपतींना नावे घेऊन हाक मारणारे, आणि या धनाच्या साठ्यात आमचा वाटा कोठे आहे असे विचारणारे हे गीत महाराष्ट्रभर गायले गेले. त्यात टाटा, बाटा, साठा, वाटा हे शब्द शेजारी शेजारी येतात. 'ट' आणि 'ठ' यांचा कडकडाट इतका दाट आहे की वाद्य नसतानाही तोंडाने म्हटले तरी हलगीवर काडी पडल्यासारखे वाटते. साहित्याच्या वर्गात याला आपण अनुप्रास म्हणून पुढे जाऊ. पण हा अनुप्रास काय करतो ते पाहावे. ज्या नावांपुढे मजुराने मान खाली घालायची ती नावे येथे त्याच्या तालात बसवली जातात, त्याच्या टाळीबरोबर खालीवर होतात. आणि प्रत्येक वेळी 'वाटा' हा शब्द त्यांच्याशी यमक जुळवून बरोबरीने उभा राहतो. समाजात जे एका पंगतीला बसत नाहीत ते येथे एका यमकात बसतात.

दुसरी गोष्ट धृपदाची. हे धृपद प्रश्नार्थक आहे. कडवे काहीही सांगो, फिरून यायचे ते प्रश्नावर. कव्वालीत धृपद गायक एकटा म्हणत नाही. मागचे साथीदार म्हणतात आणि लवकरच समोरचा जमाव म्हणू लागतो. म्हणजे पहिल्या कडव्यात जो प्रश्न कवीचा असतो तो तिसऱ्या कडव्यापर्यंत सगळ्या मैदानाचा होतो. संगीत दर आवर्तनाला समेवर येऊन मिटते, प्रश्न मात्र मिटत नाही. लय पुरी होते आणि अर्थ अपुरा राहतो, म्हणून पुन्हा गावे लागते. ही घडण कागदावर दिसत नाही. कागदावर तीच ओळ चार वेळा छापलेली दिसते आणि आपण तिला पुनरुक्ती म्हणतो.

हा मजकूर आम्ही मोहन्यातून लिहीत आहोत, आणि या गीताचा या गावाशी संबंध लावल्यावाचून राहवत नाही. कल्याणजवळ उल्हास नदीच्या काठी, आंबिवली स्थानकाला लागून असलेले मोहने वाढले ते नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एनआरसीच्या कारखान्यावर. रेयॉनचा धागा येथे निघे. महाराष्ट्राच्या आणि देशाच्या नाना भागांतून आलेली माणसे येथे कामाला लागली, वसाहतीत राहिली, त्यांची मुले येथल्याच शाळांतून शिकली. २००९ मध्ये कारखाना बंद पडला. हजारो कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न त्यानंतर वर्षानुवर्षे न्यायाधिकरणांच्या आणि मोर्च्यांच्या वाटेवर रेंगाळत राहिला. आमचा वाटा कोठे आहे, हा प्रश्न अशा गावात गाण्यातली कल्पना राहत नाही. तो भविष्यनिर्वाह निधीचा, ग्रॅच्युइटीचा, रिकाम्या कराव्या लागणाऱ्या खोलीचा प्रश्न असतो. वामनदादांनी ते गीत या कारखान्याला उद्देशून लिहिले नव्हते. पण चांगल्या निषेधगीताचा गुण हाच, की जिथे जिथे वाटा बुडतो तिथे तिथे ते नव्याने लागू पडते. प्रचारगीत प्रसंगाबरोबर मरते. हे मेले नाही, एवढ्यावरूनही आपल्या शिक्क्याविषयी शंका यायला हवी.

येथे जगाच्या दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण उपयोगी पडेल. ब्राझीलमध्ये १९६४ ते १९८५ लष्करी राजवट होती. त्या काळात चिको बुआर्की या गीतकाराने १९७० मध्ये एक सांबा रचला. वरवर पाहता ते तोरा मिरवणाऱ्या प्रिय व्यक्तीला सुनावलेले बोल होते. सेन्सॉरने ते प्रेमिकांचे भांडण समजून सोडून दिले. लोकांनी मात्र ते गाणे हुकूमशहाला उद्देशून आहे हे ओळखले, त्यावर नाच केला, तबकड्या धडाधड खपल्या, आणि मग सरकारला जाग येऊन त्यावर बंदी आली. पुढे सेन्सॉरची नजर चुकवण्यासाठी बुआर्कींना काही काळ टोपणनावाने गीते द्यावी लागली. आता सांबाचे कूळ पाहावे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या वंशजांची ही लय. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली १८८८ मध्ये. त्यानंतरही कित्येक वर्षे सांबावाल्यांकडे पोलीस संशयाने पाहत. ज्यांच्या अंगाकडून केवळ श्रम घ्यायचे, त्यांच्या अंगातली लय ही सत्तेला नेहमीच बेशिस्त वाटत आली आहे. हलगी आणि सांबा यांची ओळख करून द्यावी लागत नाही, ती सख्खी भावंडे शोभतात.

साम्य येथवर. फरकही तितकाच बोलका आहे. बुआर्की हे एका नामवंत इतिहासकाराचे चिरंजीव. सांबा त्यांनी आपलासा केला, तो त्यांच्या घरात जन्मलेला नव्हता. त्यांना निषेध झाकून न्यावा लागला. वामनदादांनी काही झाकले नाही. त्यांनी नावे घेऊन विचारले. त्यांच्यावर सेन्सॉरची कात्री चालवण्याची गरज कुणाला भासली नाही, कारण त्यांचे गाणे वस्तीच्या वेशीबाहेर ऐकू जाणारच नाही अशी व्यवस्था समाजाने आधीच केलेली होती. शेवटचा फरक आपल्याला अधिक लागू आहे. बुआर्कींना २०१९ मध्ये पोर्तुगीज भाषेतला सर्वोच्च मानला जाणारा कामोइश साहित्य पुरस्कार मिळाला. त्याआधी २०१६ मध्ये बॉब डिलन यांना साहित्याचे नोबेल मिळाले तेव्हा आपल्याकडच्या साहित्यवर्तुळात गीत हे साहित्य आहे काय यावर चर्चा झडल्या. ज्या भाषेत अभंग टाळ-मृदंगावर नाचत म्हटला गेला, त्या भाषेला हा प्रश्न पडावा याचे आम्हांला नवल वाटते. वारकरी नाचतो म्हणून तुकारामांचे काव्य उणे ठरले नाही. मग चौदा एप्रिलला मिरवणुकीत कुणी नाचतो म्हणून वामनदादांचे का ठरावे?

या भूमिकेवर घेतले जाणारे आक्षेप आम्हांला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप उसन्या चालींचा. चित्रपटाची चाल उचलून तिच्यावर शब्द बसवणे यात कसली प्रतिभा, असे विचारले जाते. येथे थोडा इतिहास आठवावा. किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'ने १८८० मध्ये मराठी रंगभूमीचे नवे पर्व सुरू केले. त्यातल्या कितीतरी पदांच्या चाली कीर्तनातल्या साक्या-दिंड्यांवरून आणि कानडी पदांवरून आलेल्या होत्या. नंतरच्या संगीत नाटकांनी हिंदुस्थानी बंदिशींवर पदे बांधली. त्याला आपण परंपरा म्हणतो. रेडिओवरच्या चालीला मात्र उचलेगिरी म्हणतो. शिवाय वामनदादांपुढची गरज वेगळी होती. ज्या श्रोत्याला ओळ वाचता येत नाही, त्याला चाल आधीच पाठ असेल तर शब्द एका रात्रीत पाठ होतात. चित्रपटातल्या नायकाचा प्रेमभंग ज्या चालीवर गुणगुणला जाई तीच चाल उद्या पाणवठ्याची गोष्ट सांगू लागे. जुन्या शब्दांची आठवण आणि नवे शब्द यांच्या घर्षणातून एक उपरोध आपोआप निर्माण होई. त्यांचे पहिले गाणे विडंबन होते, हा योगायोग समजू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नाचल्याने राग ओसरतो, असे तो सांगतो. माणसे रात्रभर गातात, नाचतात, मोकळी होतात आणि सकाळी पुन्हा त्याच मुकादमाच्या हाताखाली कामाला जातात. मग हे गाणे व्यवस्थेला सोयीचेच नाही का? या आक्षेपात तथ्य आहे आणि ते नाकारणे हा भाबडेपणा होईल. परंतु दोन गोष्टी त्याच्या विरुद्ध पारड्यात टाकाव्या लागतात. एक म्हणजे वामनदादांनी आपल्या श्रोत्याला कधी सुखासुखी मोकळे होऊ दिले नाही. बाबासाहेबांच्या विचारांची मोजकी पाच माणसे जरी खरोखर असती तरी चित्र वेगळे दिसले असते, असा सल बोलून दाखवणारे त्यांचे गीत जयंतीच्या ऐन उत्सवात गायले जाते. समोर बसलेले पुढारी आणि अनुयायी दोघांनाही ते टोचते, आणि टोचून घेत माणसे त्यावर टाळ्या वाजवतात. स्वतःवरच्या टीकेला ताल धरायला लावणे हे काम निबंधाला साधत नाही.

दुसरी गोष्ट इतिहासाने दाखवली आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली. त्या धक्क्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या वस्तीत आपले जीवन संपवले. त्यांच्या गाण्यांपासून सुरू झालेला आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट चौदा वर्षांच्या चित्रीकरणानंतर २०११ मध्ये आला. त्यात गाणारी माणसे पाहिली की राग ओसरला असे वाटत नाही. तो एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाताना दिसतो. त्या माहितीपटात दिसलेल्या पुण्याच्या कबीर कला मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी यांना २०१३ मध्ये अटक झाली. मंचाच्या आणखी काही कलावंतांना २०२० मध्ये. त्या खटल्यांचा न्याय न्यायालयांनी करायचा आहे, तो आमचा विषय नव्हे. पण डफावर गाणाऱ्यांची राज्यसंस्था इतकी दखल घेते आणि साहित्याचा वर्ग मुळीच घेत नाही, हा विरोधाभास तरी आपण नोंदवायला हवा.

आता त्या दुसऱ्या चुकीकडे यावे लागेल, जिचा उल्लेख आरंभी केला. मिरवणुकांत आज ध्वनिवर्धकांच्या भिंती असतात. गीताची सुरुवातीची एक ओळ घ्यायची, ती तोडून तोडून वाजवायची आणि खाली छाती दडपणारा ठोका द्यायचा, असा प्रकार सर्रास चालतो. याविषयी दोन प्रकारची तक्रार ऐकू येते. एक तक्रार बाहेरची : हे लोक नाचतात, गोंगाट करतात, रस्ता अडवतात. इतर उत्सवांतल्या तशाच भिंतींबद्दल हाच तक्रारदार गप्प असेल, तर त्याच्या कानांपेक्षा त्याच्या मनाची तपासणी करणे योग्य. ज्यांच्या आजोबांना त्या रस्त्याने चालताना कडेला व्हावे लागत होते त्यांनी वर्षातून एक दिवस रस्त्याच्या मधोमध नाचावे, यात आम्हांला काही गैर वाटत नाही. उलट त्यात एक न बोललेले विधान आहे.

दुसरी तक्रार आतली आहे आणि ती आम्ही आमची मानतो. त्या ठोक्याखाली कडवे दडपले जाते. धृपदातला प्रश्न विचारायला जागा उरत नाही, कारण प्रश्न पुरा होण्याआधीच तो कापून पुन्हा सुरुवातीला नेलेला असतो. कॅसेटच्या काळातही बाजार होताच. प्रल्हाद शिंदे यांच्या एकाच गळ्यातून विठ्ठलाची भक्तिगीते निघाली आणि भीमगीतेही निघाली, आणि कंपन्यांनी दोन्ही विकली. पण तेव्हा विकला जाणारा माल सबंध गाणे होता; पहिल्या कडव्यापासून शेवटच्या नाममुद्रेपर्यंत ते ऐकले जाई, पाठ होई. आता नाममुद्रा ऐकूच येत नाही. शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफण्याची जी रीत संतांपासून शाहिरांपर्यंत आणि शाहिरांपासून वामनदादांपर्यंत आली, ती त्या ठोक्यात पहिली बळी पडते. कर्ता गेला की गाणे पुन्हा 'लोकांचे', म्हणजे कुणाचेच नाही, असे होते. ज्या समाजाने आपल्या कवीला नाव मिळावे म्हणून झगडा केला त्याच्या उत्सवात हे घडावे, हे दुःखद आहे.

म्हणजे एकीकडे विद्यापीठ शब्द ठेवते आणि ठेका पुसते. दुसरीकडे ध्वनिवर्धक ठेका ठेवतो आणि शब्द पुसतो. दोघांच्या मधे वामनदादांचे सबंध गाणे उभे आहे, आणि ते सबंध ऐकण्याची जबाबदारी साहित्याच्या विद्यार्थ्या-शिक्षकांवर येते. त्यासाठी फार मोठी सामग्री लागत नाही. वर्गात हे गीत शिकवताना ते आधी ऐकवावे. धृपद कोण म्हणते आणि कितव्यांदा कोण म्हणते याची नोंद विद्यार्थ्यांना करायला लावावी. मूळ चाल कोणत्या गाण्याची, तिथे काय शब्द होते आणि येथे काय आले, हे शेजारी ठेवून पाहावे. केहरव्याच्या आठ मात्रांत ओळीतला कोणता शब्द कोठे पडतो हे टाळी वाजवून मोजावे. आपल्या गावात, वसाहतीत, चाळीत ज्यांना वामनदादांची सबंध गीते पाठ आहेत अशी वयस्क माणसे अजून आहेत. त्यांच्याकडून ती उतरवून घ्यावीत, कारण छापलेल्या संग्रहांत न आलेली गीते त्यांच्याच कंठात आहेत आणि हे कंठ दर वर्षी कमी होत आहेत. एम. ए. च्या एखाद्या प्रबंधिकेला यापेक्षा मोलाचा विषय सुचवणे आम्हांला तरी कठीण आहे.

असे वाचन झाले तर आपल्या काही कसोट्याही बदलाव्या लागतील. कविता ही एकान्तात, मूकपणे, एका वाचकाने वाचायची वस्तू आहे, ही समजूत आपल्याकडे फार जुनी नाही. तिचे वय छापखान्याएवढे आहे. त्याआधीची शतके मराठी कविता उभ्याने, समूहात, हातापायांनी म्हटली गेली. वामनदादांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, कारखान्यांच्या आणि चाळींच्या महाराष्ट्रात, ती रीत जिवंत ठेवली आणि तिच्यात वाट्याचा प्रश्न घातला. तो प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे. त्याचे उत्तर साहित्याचा अभ्यासक देऊ शकणार नाही. पण प्रश्न विचारला गेला होता, तो कोणत्या शब्दांत आणि कोणत्या तालात विचारला गेला होता, एवढे अचूक सांगणे हे त्याचे काम आहे.